मूत्राशयाच्या कॅन्सरचे रिस्क कॅल्क्युलेटर: कोणता कधी वापरावा आणि आकडा कुठे फसतो

दुर्बिणीतून गाठ काढली, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला, की बहुतेक घरांत कुणीतरी नेटवर रिस्क कॅल्क्युलेटर उघडून बसतं. पाच-सहा रकाने भरायचे आणि बटण दाबायचं, की टक्केवारी समोर येते. ही साधनं मोफत आहेत, वापरायला सोपी आहेत आणि त्यांच्यामागे हजारो रुग्णांची खरी माहिती आहे. पण प्रत्येक साधन आजाराच्या एका ठराविक टप्प्यासाठी बांधलेलं आहे. चुकीच्या टप्प्यावर वापरलं, तर येणारा आकडा नेमका दिसतो आणि तरीही खोटा असतो.

इथे चार साधनांचं परीक्षण केलं आहे: ईओआरटीसी या युरोपियन कॅन्सर संशोधन संस्थेचा गुणतक्ता (२००६), स्पॅनिश गटाचा क्यूटो तक्ता (२००९), युरोपियन युरॉलॉजी संघटनेचा म्हणजे ईएयूचा २०२१ चा कॅल्क्युलेटर, आणि मूत्राशय काढल्यानंतरचा आयबीसीएनसी या आंतरराष्ट्रीय गटाचा नोमोग्राम, म्हणजे गुण जोडून शक्यता काढणारा आलेख (२००६). निकाल आधीच सांगतो. पहिल्यांदाच झालेली, स्नायूत न शिरलेली गाठ असेल तर ईएयू २०२१ घ्या. गाठी पुन्हा पुन्हा येत असतील तर जुना ईओआरटीसी तक्ता अजून उपयोगी आहे. मूत्राशय काढून झालं असेल तर आयबीसीएनसी, पण तो एकटा नको. क्यूटो फक्त दुसरं मत म्हणून.

आधी एक फाटा नीट ओळखायला हवा. गाठ मूत्राशयाच्या जाड स्नायूत (डेट्रूसरमध्ये) शिरली आहे की नाही? टीए म्हणजे फक्त अस्तरात, टी१ म्हणजे अस्तराखालच्या थरात, सीआयएस म्हणजे सपाट पण उग्र. हे तिन्ही ‘न शिरलेले’. टी२ आणि त्यापुढचे शिरलेले. पहिली तीन साधनं न शिरलेल्यांसाठी आहेत, चौथं मूत्राशय काढल्यानंतरच्या रिपोर्टसाठी. टी२ निदान झालेल्या माणसाचे आकडे ईओआरटीसीत भरणं ही नेहमीची चूक आहे. त्या तक्त्यात टी२ चा रकानाच नाही, म्हणून लोक ‘जवळचा’ टी१ निवडतात आणि मिळालेल्या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

ईओआरटीसी

सात चाचण्यांमधल्या २५९६ रुग्णांवरून हा तक्ता केला. सहा गोष्टी विचारतो आणि दोन वेगळे गुण देतो: एक गाठ पुन्हा उगवण्याचा, दुसरा ती स्नायूत शिरण्याचा. हे दोन धोके वेगळे ठेवणं हीच या तक्त्याची मोठी देणगी. पुन्हा उगवलेली गाठ त्रासाची असते, पण बहुधा पुन्हा काढता येते. जीव जातो तो ती खोल शिरल्याने.

गुण असे, पुन्हा उगवण्याचे आधी, शिरण्याचे नंतर. गाठ एक असेल तर ० आणि ०, २ ते ७ असतील तर ३ आणि ३, ८ किंवा जास्त असतील तर ६ आणि ३. सर्वांत मोठी गाठ ३ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ३ आणि ३. आजार पहिल्यांदाच असेल तर ० आणि ०, वर्षाला एक किंवा त्याहून कमी वेळा परत येत असेल तर २ आणि २, त्याहून वारंवार येत असेल तर ४ आणि २. टी१ असेल तर १ आणि ४. सोबत सीआयएस असेल तर १ आणि ६. ग्रेड म्हणजे पेशी किती उग्र दिसतात त्याची पायरी; जी२ ला १ आणि ०, जी३ ला २ आणि ५. बेरीज पुन्हा उगवण्यासाठी जास्तीत जास्त १७, शिरण्यासाठी २३.

बेरजेवरून गट पडतात. पुन्हा उगवण्याची शक्यता ० गुणांना पहिल्या वर्षी १५ टक्के आणि पाच वर्षांत ३१ टक्के. १ ते ४ ला २४ आणि ४६. ५ ते ९ ला ३८ आणि ६२. १० ते १७ ला ६१ आणि ७८. स्नायूत शिरण्याची शक्यता ० गुणांना ०.२ आणि ०.८ टक्के, २ ते ६ ला १ आणि ६, ७ ते १३ ला ५ आणि १७, १४ ते २३ ला १७ आणि ४५.

आता तीन गाठी, सर्वांत मोठी ४ सेंटिमीटर, पहिल्यांदाच झालेला आजार, टीए, जी२, सीआयएस नाही, असा रुग्ण घ्या. पुन्हा उगवण्याचे ७ गुण, शिरण्याचे ६. म्हणजे पाच वर्षांत स्नायूत शिरण्याचा धोका ६ टक्के. हाच रिपोर्ट दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टने वाचला आणि टीएचा टी१, जी२ चा जी३ झाला, असं धरा. पुन्हा उगवण्याचे गुण ९ होतात आणि गट तोच राहतो. शिरण्याचे गुण मात्र १५ होतात आणि ६ टक्क्यांचे ४५ टक्के होतात. रुग्ण तोच, गाठ तीच, सूक्ष्मदर्शकाखालची काचही तीच. कॅल्क्युलेटरवर भरवसा ठेवण्याआधी रिपोर्टवर ठेवता येतो का हे का पाहायचं, ते या एका उदाहरणात आलं.

तक्त्याची कमजोरी त्याच्या वयात आहे. त्यातल्या फार थोड्या रुग्णांना बीसीजी (क्षयाचीच लस, इथे प्रतिकारशक्ती जागवायला मूत्राशयात सोडतात) मिळालं होतं, दुसऱ्यांदा दुर्बिणीतून खरवडून पाहण्याची पद्धत त्या चाचण्यांत नव्हती, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच मूत्राशयात औषधाचा एक डोस सोडण्याची पद्धतही अपवादानेच होती. त्यामुळे आजच्या पद्धतीने उपचार झालेल्या माणसाला हा तक्ता जास्त घाबरवतो. शिवाय तो ग्रेड जुन्या १९७३ च्या पद्धतीने मागतो. रिपोर्टवर फक्त ‘लो ग्रेड’ किंवा ‘हाय ग्रेड’ लिहिलं असेल तर अंदाजाने जी१, जी२ किंवा जी३ ठरवू नका. जुना जी२ नव्या पद्धतीत दोन्हीकडे वाटला जातो. पॅथॉलॉजिस्टला दोन्ही ग्रेड लिहून मागाव्यात, ते लिहून देतात.

रकान्यांत काय भरता, ते कुठून आणता

कॅल्क्युलेटर फसतात ते बहुतेक इथेच, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

गाठींची संख्या आणि आकार पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये शोधू नका. प्रयोगशाळेत गाठ तुकड्यांच्या रूपात पोचते. तिथे लिहिलेलं ‘४ × ३ × १ सेंटिमीटर’ हे तुकड्यांच्या ढिगाचं माप असतं, गाठीचं नव्हे. खरी संख्या आणि आकार शस्त्रक्रियेच्या नोंदीत असतो, कारण सर्जन दुर्बिणीतून पाहताना कापणाऱ्या तारेच्या फाशाशी ताडून तो ठरवतो. ती नोंद मागून घ्या. तिथे नुसतं ‘अनेक गाठी काढल्या’ असेल तर २ ते ७ की ८ च्या वर, हे विचारूनच भरा. त्या एका उत्तरावर पुन्हा उगवण्याचे तीन गुण अवलंबून आहेत.

दुसरी तपासणी स्नायूची. रिपोर्टमध्ये ‘डेट्रूसर स्नायू नमुन्यात आहे, त्यात गाठ नाही’ असं स्पष्ट वाक्य हवं. ‘स्नायूत गाठ दिसली नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण नमुन्यात स्नायूच नसेल तरी ते वाक्य खरंच ठरतं. टी१ च्या पहिल्या नमुन्यात स्नायू नसेल, तर दुसऱ्या खरवडणीत आजार अधिक खोल निघण्याचं प्रमाण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४९ टक्के होतं. स्नायू असेल तर १४ टक्के. म्हणजे स्नायू नसलेल्या रिपोर्टवरून ‘टी१’ असा रकाना भरणं हे जवळपास नाणं उडवण्यासारखं आहे.

आणखी एक बारकावा. अस्तराखालच्या थरातही बारीक स्नायूतंतू असतात. नमुना तिरका कापला गेला किंवा विजेच्या तारेने जळाला, तर ते तंतू आणि जाड डेट्रूसर यांची गल्लत होऊ शकते. म्हणून नुसतं ‘स्नायू’ असं न लिहिता कोणता स्नायू, हे रिपोर्टमध्ये हवं. चांगला सर्जन मोठी गाठ थरांनी काढतो: आधी आत डोकावणारा भाग, मग बुडाखालची भिंत स्नायूसकट, मग कडा. हे वेगवेगळ्या डब्यांत पाठवले की पॅथॉलॉजिस्टला खोली सांगता येते. सगळं एकाच डब्यात गेलं, की तेच काम अंदाजाचं होतं.

टी१ असेल, गाठ पूर्ण निघाली नसेल, किंवा नमुन्यात स्नायू नसेल (टीए लो ग्रेड सोडून), तर २ ते ६ आठवड्यांत दुसरी खरवडणी करतात. कॅल्क्युलेटर तिच्यानंतर उघडा. त्याआधी मिळालेला आकडा कच्चा असतो.

ईएयू २०२१

पहिल्यांदा झालेल्या गाठीसाठी आमची पहिली पसंती याला. ३४०१ रुग्ण, १९९० ते २०१८ या काळात उपचार झालेले, सगळ्यांचा आजार पहिलाच आणि कुणालाही बीसीजी नाही. त्यामुळे ‘बीसीजी दिलं नाही तर काय होईल’ या प्रश्नाचं उत्तर तो बऱ्यापैकी स्वच्छ देतो, आणि बीसीजी घ्यावं की नाही हे ठरवताना नेमका तोच प्रश्न समोर असतो. जुनी किंवा नवी, कोणतीही ग्रेड भरता येते.

स्टेज, ग्रेड, सीआयएस आणि तीन जादा घटक (वय ७० पेक्षा जास्त, गाठी एकाहून अधिक, आकार ३ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा) यांवरून चार गट पडतात. नवी ग्रेड वापरली तर पाच वर्षांत आजार बळावण्याची शक्यता कमी जोखमीला सुमारे ०.९ टक्के, मध्यमला ४.९, जास्तला ९.६ आणि अतिजास्तला ४० टक्के.

९.६ आणि ४० यांच्यातली दरी लक्षात ठेवा. टी१ हाय ग्रेड, अनेक गाठी, ४ सेंटिमीटर, सीआयएस नाही, वय ६८, हा रुग्ण ‘जास्त’ गटात पडतो. बाकी सगळं तेच आणि वय ७२, की तिन्ही घटक पूर्ण होऊन तो ‘अतिजास्त’ गटात जातो. चार वर्षांच्या वयाने धोका चौपट होत नाही, गटाची भिंत तिथे उभी आहे एवढंच. सीमेजवळच्या रुग्णाने शेजारचा गटही पाहून ठेवावा. अतिजास्त गटात मूत्राशय लवकर काढण्याचा विषय निघतो, तेव्हा तर नक्कीच.

उणिवा तीन. पुन्हा उगवण्याची शक्यता तो सांगतच नाही. परतलेल्या आजारासाठी तो नाही. आणि रक्त किंवा लसीकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) गाठीच्या पेशी दिसणं, मायक्रोपॅपिलरी किंवा प्लाझ्मासायटॉइडसारखा वेगळा पेशीप्रकार, प्रोस्टेटमधल्या मूत्रमार्गातला सीआयएस, या गंभीर गोष्टींना त्यात रकाना नाही. यांतलं काहीही रिपोर्टमध्ये असेल तर कॅल्क्युलेटर ‘मध्यम’ म्हणाला तरी त्यावर विसंबू नका.

क्यूटो

बीसीजी घेतलेल्या १०६२ रुग्णांचा तक्ता, त्यामुळे पुन्हा उगवण्याचे आकडे ईओआरटीसीपेक्षा कमी येतात. वय आणि लिंग धरतो, आकार धरत नाही. त्यातल्या रुग्णांना पाच-सहा महिन्यांत १२ डोस मिळाले. आजच्यासारखं एक ते तीन वर्षं लांबवलेलं बीसीजी नव्हतं. बीसीजी ठरलेलंच असेल तर ईओआरटीसीशेजारी ठेवून पाहावा, एवढाच उपयोग.

मूत्राशय काढल्यानंतर: आयबीसीएनसी

इथे प्रश्नच बदलतो. गाठ, मूत्राशय आणि लसीकाग्रंथी प्रयोगशाळेत पोचलेल्या असतात, त्यामुळे स्टेज अंदाजाची नसते. स्कॅनवरची स्टेज आणि शस्त्रक्रियेनंतरची स्टेज अनेकदा जुळत नाही, म्हणून या नोमोग्राममध्ये स्कॅनवरची स्टेज कधीही भरू नका. रिपोर्टवर ‘पी’ लावलेली, म्हणजे पीटी (गाठीची खोली) आणि पीएन (लसीकाग्रंथी), तीच भरायची.

जगभरातल्या १२ केंद्रांतल्या ९००० हून अधिक रुग्णांवर हा बेतला आहे. वय, लिंग, ग्रेड, पीटी स्टेज, पेशीप्रकार, लसीकाग्रंथींची स्थिती आणि निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ हे तो विचारतो आणि पाच वर्षं आजार परत न येण्याची शक्यता देतो. अचूकता मोजणारा सी-इंडेक्स ०.७५ आला; नुसत्या टीएनएम गटांचा (गाठ, ग्रंथी आणि दूरवर पसरणं यांवरून ठरणाऱ्या स्टेजचा) ०.६८ होता. याचा साधा अर्थ असा: दोन रुग्ण घेतले, तर कुणाचा आजार आधी परतेल हे तो चारांतल्या तीन जोड्यांत बरोबर सांगतो. चौथ्या जोडीत चुकतो. ०.५ म्हणजे नाणं उडवणं, हे लक्षात घेतलं तर ०.७५ चांगलं आहे. पण एका माणसाचं भविष्य सांगण्याइतकं ते नाही.

काळाचा रकाना जपून भरा. अनेक वर्षं वरवरच्या गाठी येत असतील तर पहिल्या गाठीची तारीख घालू नका. ज्या खरवडणीवरून मूत्राशय काढायचं ठरलं तिची घाला. स्नायूत शिरलेल्या आजारात शस्त्रक्रिया १२ आठवड्यांपलीकडे लांबली की निकाल बिघडतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

या नोमोग्रामची मुख्य तक्रार त्यात नसलेल्या रकान्यांबद्दल आहे. शस्त्रक्रियेच्या कडेला आजार राहिला का, हे तो विचारत नाही, आणि मऊ ऊतींची कडा पॉझिटिव्ह असणं हे सर्वांत वाईट लक्षणांपैकी एक आहे. वाहिन्यांतल्या गाठीच्या पेशी विचारत नाही. ग्रंथी पॉझिटिव्ह आहेत का हे विचारतो, पण किती काढल्या आणि त्यांतल्या किती पॉझिटिव्ह, हे नाही. विसांतली एक आणि सहांतल्या चार यांत मोठा फरक आहे. पॉझिटिव्हचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की भविष्य बरंच खालावतं. मोजलेल्या ग्रंथींची संख्याही सर्जनने त्या कशा पाठवल्या त्यावर ठरते: भागवार वेगळ्या पुड्यांत पाठवल्या की जास्त सापडतात, एकाच गोळ्यात पाठवल्या की कमी. म्हणून ‘ग्रंथी निगेटिव्ह’ वाचल्यावर लगेच विचारा, किती तपासल्या? दहाहून कमी असतील तर त्या निगेटिव्हला वजन कमी. अर्थात म्हणून वाटेल तितक्या वरपर्यंत ग्रंथी काढत जाणं शहाणपणाचं नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसडब्ल्यूओजी या अमेरिकन कॅन्सर संशोधन गटाच्या एस१०११ चाचणीत विस्तारित पद्धतीने आयुष्य वाढलं नाही, त्रास मात्र वाढला.

आधी केमो झाली असेल तर रिपोर्टवर वायपीटी लिहिलेलं असतं. वायपीटी० आणि पीटी० (० म्हणजे गाठ उरलेली नाही) एक नव्हेत. पहिल्यात केमोने आजार विरघळवल्याची साक्ष असते. एसडब्ल्यूओजी ८७१० या चाचणीत एमव्हीएसी (चार औषधांची) केमो आधी दिल्यावर ३८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात आजार उरला नव्हता, थेट शस्त्रक्रियेच्या गटात १५ टक्के. मध्यम आयुर्मान ७७ महिने विरुद्ध ४६. नोमोग्राम केमोबद्दल काहीच विचारत नाही. त्यानंतर उपचारही पुढे गेले आहेत. नायगारा चाचणीत केमोसोबत आणि शस्त्रक्रियेनंतर ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर दोन वर्षांनी ८२.२ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या केमोच्या गटात ७५.२. २००६ च्या साधनाला यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे असे उपचार मिळालेल्या रुग्णासाठी त्याचा आकडा शब्दशः घेऊ नये.

सर्जन आणि रुग्णालय यांचाही रकाना कुठे नाही, तरी फरक पडतो. वर्षाला निदान १० आणि शक्यतो २० हून अधिक मूत्राशय काढण्याच्या शस्त्रक्रिया होतात तिथेच ही शस्त्रक्रिया व्हावी, असं ईएयू सांगते.

आणखी एक घोळ नेहमी होतो. हा नोमोग्राम आजार परत न येण्याची शक्यता देतो, जगण्याची नव्हे. लॉस एंजेलिसमधल्या एका केंद्राने २००१ साली १०५४ रुग्णांचा अहवाल दिला. त्यात आजार न परतलेले पाच वर्षांनी ६८ टक्के आणि दहा वर्षांनी ६६ टक्के, पण हयात असलेले पाच वर्षांनी ६० आणि दहा वर्षांनी ४३ टक्के. पहिली रेषा पाच वर्षांनंतर जवळपास सपाट होते, दुसरी खाली येतच राहते, कारण या वयात हृदय, फुप्फुसं आणि इतर आजारही माणसाला गाठतात. ऐंशीच्या घरातल्या रुग्णासाठी केवळ कॅन्सरचा आकडा पाहून निर्णय घेणं म्हणूनच अपुरं.

त्याच अहवालात ग्रंथी निगेटिव्ह आणि आजार मूत्राशयाच्या स्नायूच्या आतल्या अर्ध्या भागातच थांबलेला असेल तर पाच वर्षं आजार न परतण्याचं प्रमाण ८९ टक्के होतं. ग्रंथी पॉझिटिव्ह असतील तर ३५. ग्रंथी पॉझिटिव्ह गटाचं दहा वर्षांनंतरही ३४ टक्के राहिलं. आजार परतायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो, म्हणून दोन वर्षं स्वच्छ गेलेल्या माणसाने शस्त्रक्रियेच्या दिवशी काढलेला आकडा पुन्हा स्वतःला लावू नये. त्याचा खरा आकडा तोवर वर सरकलेला असतो, आणि हे दाखवणारा रकाना आयबीसीएनसीत नाही. फाइलला आकडा लावाच, पण त्याखाली साधनाचं नाव, भरलेला प्रत्येक रकाना आणि तारीख लिहा, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो तपासता येतो.